रजोनिवृत्ती, वाहन आणि आत्मविश्वास

आसनगाव हे मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावरील, शहापूर गावासाठीचे स्टेशन. कल्याण-डोंबिवलीकडून लोकलने येणारे अनेक शिक्षक आणि शिक्षिका येथे उतरतात व पुढे शहापूर, किन्हवली, डोळखांब, सरळगाव अशा दिशांना पांगतात. एस.टी.ची वेळ जमली तर एस.टी., नाहीतर शेअर रिक्षा किंवा जीप. ज्यांची शाळा मुख्य रस्त्यापासून आत आहे, त्यांना स्वतःच्या स्कूटरचाच आधार असतो. अशा शिक्षिकेच्या दृष्टीने स्कूटर ही चैन नसून घर आणि शाळेची घंटा यांना जोडणारा तो दुवा असतो.

पंचेचाळिशी ओलांडलेल्या स्त्रियांच्या बाबतीत एक गोष्ट पुष्कळदा पाहायला मिळते. पंधरा-वीस वर्षे बिनधोक गाडी चालवणारी बाई हळूहळू कचरू लागते. आधी ती अंधार पडल्यावर गाडी काढायची टाळते. मग पावसात नको वाटते. मग मुंबई-नाशिक महामार्ग ओलांडताना छातीत धडधडते. शेवटी किल्ली मुलाच्या किंवा नवऱ्याच्या हाती जाते आणि बाई मागच्या सीटवर बसते. विशेष म्हणजे मधल्या काळात अपघात वगैरे काहीही झालेला नसतो.

असे का होते? घरातले म्हणतात, ‘वय झालं.’ शेजारीण म्हणते, ‘मनाचे खेळ आहेत.’ ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. पहिल्या उत्तरामुळे बाई कायमची मागच्या सीटवर जाते आणि दुसऱ्यामुळे तिला स्वतःचीच लाज वाटू लागते. प्रत्यक्षात येथे शरीरशास्त्र, मानसशास्त्र आणि थोडेसे भौतिकशास्त्रही गुंतलेले आहे. त्यांचे धागे एकेक करून सोडवू या.

पाळी थांबते म्हणजे काय होते?

सलग बारा महिने पाळी आली नाही आणि त्याला दुसरे काही कारण नसले, की रजोनिवृत्ती झाली असे म्हणतात. भारतीय स्त्रियांमध्ये हे सरासरी ४६-४७ व्या वर्षाच्या सुमारास घडते. पाश्चात्त्य देशांत ही सरासरी ५१ च्या आसपास आहे. आपल्या दृष्टीने मात्र त्या एका दिवसापेक्षा त्याच्या आधीची काही वर्षे अधिक महत्त्वाची आहेत. या काळाला रजोनिवृत्तीपूर्व संक्रमणकाळ म्हणू या.

या काळात बीजांडकोशातील बीजांडांचा साठा संपत आलेला असतो. इस्ट्रोजेन हे संप्रेरक एकसारखे कमी होत जाते असा सर्वसाधारण समज आहे, पण तसे घडत नाही. ते हेलकावे खाते. एखाद्या महिन्यात नेहमीपेक्षाही वाढते आणि पुढच्या महिन्यात एकदम खाली येते. पाळी थांबल्यानंतर ते खालच्या पातळीवर स्थिरावते. गर्भाशयासोबत दोन्ही बीजांडकोशही शस्त्रक्रियेने काढले असतील, तर हा बदल वर्षांऐवजी काही दिवसांतच होतो आणि त्रासही अधिक तीव्र असतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, तेव्हा ही बाब आपल्याकडे ठळकपणे चर्चेत आली.

इस्ट्रोजेनचा संबंध केवळ गर्भाशयाशी नाही. मेंदूत तापमान, झोप, स्मृती आणि भावना यांचे नियमन करणाऱ्या भागांतही त्याचे ग्राहक-रेणू आहेत. त्यामुळे संप्रेरकाच्या हेलकाव्यांचे पडसाद या सर्व ठिकाणी उमटतात.

वाफ आणि भीती

अंगातून वाफा निघणे, चेहरा आणि मान लाल होणे, दरदरून घाम येणे हे या काळाचे सर्वांत परिचित लक्षण. याचे मूळ मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागात आहे. हायपोथॅलॅमस घरातील तापनियंत्रकाप्रमाणे काम करतो. शरीराचे आतले तापमान एका मर्यादेच्या वर गेले की घाम सुटतो आणि दुसऱ्या मर्यादेच्या खाली गेले की हुडहुडी भरते. या दोन मर्यादांच्या मधल्या पट्ट्यात शरीर स्वस्थ असते. वाफांचा त्रास नसलेल्या स्त्रियांमध्ये हा पट्टा सुमारे ०.४ अंश सेल्सिअस रुंदीचा आढळला आहे. त्रास असलेल्या स्त्रियांमध्ये तो जवळजवळ शून्यापर्यंत अरुंद होतो. म्हणजे तापमानात किंचित वाढ झाली, तरी मेंदू ‘फार उकडते आहे’ असा निष्कर्ष काढतो आणि शरीर थंड करण्याची सगळी यंत्रणा एकदम सुरू करतो.

हायपोथॅलॅमसमधील काही चेतापेशींवर एरवी इस्ट्रोजेनचा लगाम असतो. तो ढिला झाला की या पेशी अतिउत्तेजित होतात आणि न्यूरोकायनिन-बी नावाचे द्रव्य अधिक प्रमाणात सोडतात. तापनियंत्रकाचा गोंधळ यातून उद्भवतो. या द्रव्याचा परिणाम रोखणारे फेझोलिनेटंट हे औषध २०२३ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. औषध लागू पडले, यावरून कारणही बरोबर ओळखले गेले होते हे दिसून आले.

आता हे सारे स्कूटरवर घडते आहे अशी कल्पना करा. जुलै महिना, अंगावर रेनकोट, डोक्यावर हेल्मेट. घामाचा एक ग्रॅम वाफ होऊन उडून गेला, तर तो त्वचेतून सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. परंतु रेनकोटच्या आतली हवा आधीच बाष्पाने भरलेली असल्यामुळे घाम उडत नाही, नुसता ओघळतो. शरीर थंड होत नाही. त्यातच अशा वेळी हृदयाचे ठोके मिनिटाला सातपासून पंधरापर्यंत वाढलेले असतात. समोरून ट्रक येत असतो.

धडधड, घाम आणि गरगरणे ही तिन्ही लक्षणे भीतीचीही आहेत. मेंदूला ठोके वाढल्याचे कळते, परंतु ते का वाढले हे त्याला प्रत्येक वेळी अचूक सांगता येत नाही. मग तो आजूबाजूला कारण शोधतो. स्वयंपाकघरात वाफ आली तर ‘गॅसजवळ उभी होते म्हणून’ असे वाटते. महामार्गावर आली तर कारण म्हणून ट्रक समोरच असतो. ‘मला ट्रकची भीती वाटू लागली’ असा निष्कर्ष निघतो आणि पुढच्या वेळी ट्रक दिसताच ठोके खरोखरच वाढतात. तापनियंत्रकात सुरू झालेली गोष्ट अशा प्रकारे रस्त्याशी जोडली जाते.

अर्धवट झोपेची किंमत

वाफा रात्रीही येतात. घामाने जाग येते, पंखा लावला जातो, थोड्या वेळाने थंडी वाजते आणि पुन्हा झोप लागेपर्यंत पहाट होते. याचा गाडी चालवण्यावरील परिणाम आकड्यांत मांडता येतो. ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे दिसले, की सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची हात-डोळ्यांच्या समन्वयाची कसोटी रक्तात दर १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसाइतकी खालावते. आपल्या मोटार वाहन कायद्यानुसार वाहनचालकाच्या रक्तातील मद्यार्काची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे.

शिक्षिकेच्या दिनक्रमाशी हे ताडून पाहा. पहाटे चारला उठून डबे, मग लोकल, शाळा, परतीची लोकल, संध्याकाळचा स्वयंपाक. रात्री नऊ वाजता तिचे १७ तास पुरे झालेले असतात. ही गणना रात्रभर गाढ झोपलेल्या व्यक्तीची आहे. जिची झोप तीनदा मोडली, तिच्या खात्यात सकाळीच उधारी असते. अशा दिवशी रात्री गाडी नको वाटणे हा भित्रेपणा नव्हे. ते शरीराने केलेले बरोबर मोजमाप आहे. येथे दुरुस्त करायची आहे ती झोप. आत्मविश्वासाचा दोष येथे नाही.

‘काही सुचतच नाही’

नाव आठवत नाही, गाडीची किल्ली कुठे ठेवली ते कळत नाही, एका वेळी दोन कामे जमत नाहीत, अशा तक्रारी या वयातील स्त्रिया करतात. त्या खऱ्या आहेत काय? अमेरिकेत १९९६ मध्ये सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सात केंद्रांतील सुमारे ३,३०० स्त्रियांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करण्यात आला. त्यांतील दोन हजारांहून अधिक स्त्रियांच्या बौद्धिक कसोट्यांचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. तीच कसोटी पुन्हा पुन्हा दिली तर सरावाने गुण वाढतात, हे आपण शिक्षक जाणतोच. पाळी नियमित असलेल्या स्त्रियांचे गुण असे वाढले. संक्रमणकाळातील स्त्रियांच्या बाबतीत ही वाढ थबकली. आणि पाळी पूर्ण थांबल्यानंतर ती पुन्हा दिसू लागली.

म्हणजे तक्रार खरी आहे, पण ती सामान्यतः तात्पुरती आहे. बुद्धी गेली असे नाही, नवे शिकण्याचा वेग काही काळ मंदावला, इतकेच. नवी गाडी, नवा रस्ता किंवा नवे वळण या काळात अधिक जड वाटेल. वर्षानुवर्षे अंगवळणी पडलेला ब्रेक मात्र हात विसरत नाही.

याच अभ्यासातून काळजी आणि अस्वस्थतेविषयीचे निष्कर्ष २०१३ मध्ये पुढे आले. ज्या स्त्रिया मुळात फारशी काळजी करणाऱ्या नव्हत्या, त्यांच्यात संक्रमणकाळात आणि त्यानंतर तीव्र अस्वस्थतेची शक्यता वाढलेली आढळली. ज्या आधीपासूनच काळजीखोर होत्या, त्यांच्यात रजोनिवृत्तीमुळे अशी वाढ दिसली नाही. ‘कधी कशाला न घाबरणारी बाई आता का घाबरते?’ या घरोघरीच्या प्रश्नाशी हे जुळते.

सगळे पाळीच्या माथी नको

या वयात शरीरात इतरही बदल घडतात आणि ते पुरुषांनाही चुकत नाहीत. चाळिशीनंतर डोळ्यातील भिंगाची लवचीकता कमी होते आणि जवळचे अंधुक दिसते. भिंग हळूहळू पिवळसर होते, बाहुली पूर्वीइतकी विस्फारत नाही. परिणामी साठीच्या व्यक्तीच्या दृष्टिपटलावर विशीच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश प्रकाश पोचतो. समोरच्या गाडीच्या दिव्याने डोळे दिपले, तर सावरायला अधिक वेळ लागतो. शहापूर-किन्हवली रस्त्यासारख्या दिवे नसलेल्या रस्त्यावर रात्री जड जाते, त्याचे एक कारण हे आहे. त्यावर धीर देऊन उपयोग नाही. डोळे तपासून चष्मा बदलणे, मोतीबिंदू आहे का ते पाहणे आणि हेल्मेटची ओरखडे पडलेली काच बदलणे हाच उपाय.

चक्कर येण्याचीही कारणे शोधावी लागतात. आंतरकर्णातील सूक्ष्म स्फटिक जागचे हलल्यामुळे मान वळवताच गरगरणे हा विकार पन्नाशीनंतर, विशेषतः स्त्रियांमध्ये, बराच आढळतो. मानेच्या विशिष्ट हालचाली करवून डॉक्टर तो बहुधा बरा करू शकतात.

संक्रमणकाळात काही स्त्रियांना रक्तस्राव फार होतो. त्यातून रक्तक्षय होतो. रक्तक्षयातही धडधड, थकवा आणि चक्कर असतेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे दिसले, हे लक्षात घेतले तर हिमोग्लोबिनची साधी तपासणी किती महत्त्वाची आहे ते कळेल. थायरॉइड, रक्तदाब आणि रक्तातील साखर यांचेही तसेच. आणि पाळी थांबून वर्ष झाल्यानंतर पुन्हा रक्तस्राव झाला, तर तो कितीही थोडा असो, डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे.

आत्मविश्वास कशावर उभा असतो?

अमेरिकेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये ‘हे काम मला जमेल’ या विश्वासाचा सिद्धान्त मांडला. हा विश्वास चार गोष्टींतून येतो, असे ते म्हणतात. पहिली, स्वतः ते काम यशस्वीपणे केल्याचा अनुभव. दुसरी, आपल्यासारख्याच दुसऱ्या कोणाला ते करताना पाहणे. तिसरी, इतरांचे बोलणे. चौथी, काम करताना स्वतःच्या शरीराकडून मिळणारे संकेत.

आपल्या शिक्षिकेच्या बाबतीत प्रथम चौथा आधार डळमळतो, कारण वाफा आणि धडधड भीतीसारख्या वाटतात. मग तिसरा. घरातले मायेने म्हणतात, ‘आई, तू नको काढूस गाडी, मी सोडतो.’ दुसरा आधार पूर्वीपासूनच अशक्त असतो. पन्नाशीची किती स्त्री-चालक तिने तालुक्याच्या रस्त्यांवर पाहिलेल्या असतात? उरतो पहिला आणि सर्वांत बळकट आधार, स्वतःच्या अनुभवाचा. गाडी चालवणे थांबले की तोही जातो.

येथे एक सापळा आहे. भीती वाटली म्हणून गाडी काढली नाही, तर लगेच सुटल्यासारखे वाटते. ही सुटका म्हणजे टाळण्याला मिळालेले बक्षीस. बक्षीस मिळालेली सवय पक्की होते, हे वर्गात आपण रोज पाहतो. शिवाय गाडी काढलीच नाही, तर ‘काही वाईट घडले नाही’ हे मेंदूला शिकायची संधीच मिळत नाही. वाफांचा त्रास पुष्कळ स्त्रियांना काही वर्षे होतो. वर उल्लेखिलेल्या अमेरिकेतील अभ्यासात ज्यांना तो वारंवार होत होता, त्यांच्यात त्याचा मध्यक कालावधी ७.४ वर्षे आढळला. त्यानंतर पुष्कळजणींच्या वाफा ओसरतात, झोप सुधारते, सुचेनासे झालेले सुचू लागते. पण किल्ली मात्र परत मागितली जात नाही. कारण निघून जाते आणि सवय मागे उरते. रजोनिवृत्तीच्या काळातील आणि नंतरच्या आत्मविश्वासात हा फरक आहे. पहिल्यावर शरीराकडून उपाय करावा लागतो, दुसऱ्यावर सरावाने.

रुळांवरचे उदाहरण

आता आसनगावच्या स्टेशनावरून जाणाऱ्या रुळांकडेच पाहू. सातारा जिल्ह्यात १९६५ मध्ये जन्मलेल्या सुरेखा यादव १९८९ मध्ये मध्य रेल्वेत सहायक इंजिनचालक झाल्या. भारतातील पहिली महिला रेल्वेचालक म्हणून त्यांची नोंद आहे. मालगाडी, लोकल आणि मग घाटातील गाड्या अशा पायऱ्या त्यांनी चढल्या. ८ मार्च २०११ रोजी पुणे ते मुंबई ‘डेक्कन क्वीन’ त्यांनी चालवली, तेव्हा त्यांचे वय ४५ होते. १३ मार्च २०२३ रोजी सोलापूरहून मुंबईला ‘वंदे भारत’ आणली, तेव्हा ५७. सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्तीपूर्वी त्यांनी शेवटची गाडी चालवली ती राजधानी एक्सप्रेस, इगतपुरी ते मुंबई या टप्प्यात. म्हणजे कसारा घाट उतरून, आसनगाववरूनच.

त्यांच्या प्रकृतीचा अनुभव हा त्यांचा खाजगी विषय आहे आणि आपल्याला त्याच्याशी कर्तव्य नाही. आपण फक्त वय आणि काम पाहू. पंचेचाळीस ते साठ या वर्षांत एक स्त्री शेकडो प्रवाशांची गाडी घाटातून चालवू शकते, एवढे त्यातून निर्विवाद सिद्ध होते.

याहून महत्त्वाचे आहे ते रेल्वेची पद्धत पाहणे. चालकाची ठरावीक काळाने वैद्यकीय आणि दृष्टीची तपासणी होते, त्याला उजळणी प्रशिक्षण दिले जाते आणि कामाच्या दोन पाळ्यांमध्ये विश्रांतीचे नियम असतात. अंदाजाने कोणी ‘तुम्हाला आता जमणार नाही’ असे म्हणत नाही, मोजून पाहिले जाते. घरात नेमके उलटे घडते. तपासणी नाही, विश्रांती नाही, उजळणी नाही, आणि निर्णय मात्र होऊन जातो.

आपल्या कायद्यातही मोजण्याचीच दिशा आहे. चाळिशीनंतर परवान्याच्या नूतनीकरणासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र, म्हणजे नमुना १-अ, लागते. ते केवळ कागद म्हणून आणू नये. ती खरोखरची तपासणी करून घेण्याची संधी आहे.

काय करता येईल?

प्रथम कारणांची वाटणी करावी. महिनाभर वहीत चार रकाने आखून झोप किती झाली, वाफा कधी आल्या, गाडी कोणत्या रस्त्यावर चालवली आणि भीती शून्य ते दहांपैकी किती वाटली हे लिहावे. भीती कमी झोपेच्या दिवशी वाढते, की अंधारात, की विशिष्ट वळणावर, ते महिन्याभरात दिसू लागते. विज्ञान शिकवणाऱ्यांना निरीक्षणवहीचे महत्त्व सांगायला नको.

दुसरे, शरीराकडे लक्ष द्यावे. डोळे, हिमोग्लोबिन, थायरॉइड, रक्तदाब, साखर तपासावी. वाफांचा त्रास अधिक असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलावे. संप्रेरक-उपचारांविषयी २००२ च्या एका अमेरिकी चाचणीनंतर मोठी भीती पसरली होती. नंतरच्या अभ्यासांतून चित्र स्पष्ट झाले. साठीच्या आतील किंवा पाळी थांबून दहा वर्षे न झालेल्या, अन्यथा निरोगी आणि तीव्र त्रास असलेल्या स्त्रियांच्या बाबतीत फायदा सामान्यतः धोक्याहून अधिक असतो. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास असलेल्यांना ते सहसा देत नाहीत. निर्णय तपासणीनंतर डॉक्टरांनीच घ्यायचा. झोपेच्या गोळ्या आणि सर्दीवरच्या काही गोळ्यांनी गुंगी येते. त्या घेतल्यावर गाडी चालवू नये.

तिसरे, रस्त्यावर वाफ आली तर काय करायचे ते आधीच ठरवावे. वेग कमी करून, इशारा देऊन डावीकडे थांबावे. हेल्मेट काढावे, रेनकोटची बटणे सैल करावी, पाणी प्यावे. वाफ साधारणपणे एक ते पाच मिनिटांत ओसरते. ‘ही वाफ आहे, भीती नव्हे’ असे मनाशी म्हणणे हे कारणाला त्याचे खरे नाव देणे आहे आणि त्याचा उपयोग होतो.

चौथे, सराव पायरीपायरीने करावा. रविवारी सकाळी आसनगाव ते शहापूर एवढे थोडे अंतर. ते सोपे वाटू लागले की वर्दळीच्या वेळी तेच अंतर. मग किन्हवलीचा रस्ता. मग महामार्ग ओलांडणे. प्रत्येक पायरी भीती ओसरेपर्यंत पुन्हा करावी, मगच पुढे जावे. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा शहापूर तालुक्यातून सुरू झाला असला, तरी त्यावर दुचाकीला मनाई आहे. स्कूटरला जुनाच महामार्ग आणि तालुक्याचे रस्ते वापरायचे आहेत, तेव्हा सरावही तेथेच हवा.

पाचवे, घरच्यांनी आणि सहकाऱ्यांनी ‘तू नको’ ऐवजी ‘मी मागे बसतो, तू चालव’ असे म्हणावे. मुख्याध्यापकांना वेळापत्रकात आणि बैठकांच्या वेळेत थोडी सवलत देता येईल. अंधार पडायच्या आत बैठक संपवणे हीसुद्धा एक मदतच आहे.

एक बाब स्पष्ट करायला हवी. ज्या व्यक्तीला वारंवार भोवळ येते, डुलकी लागते किंवा नीट दिसत नाही, तिने तपासणी होईपर्यंत गाडी चालवू नये. धीर देणे म्हणजे धोका झाकणे नव्हे.

वर्गात करून पाहा

कौशल्य आणि आत्मविश्वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना दाखवण्यासाठी ३० सेंटिमीटरची एक पट्टी पुरते. एकाने पट्टी वरच्या टोकाला उभी धरावी. दुसऱ्याने शून्याच्या खुणेपाशी अंगठा आणि बोट उघडे ठेवावे. पहिल्याने न सांगता पट्टी सोडावी, दुसऱ्याने पकडावी. पट्टी जितकी घसरली त्यावरून प्रतिसादाचा काळ काढता येतो. अंतर = ½ × गुरुत्वत्वरण × काळाचा वर्ग. १५ सेंटिमीटरला ०.१७५ सेकंद, २० सेंटिमीटरला ०.२० सेकंद, २५ सेंटिमीटरला ०.२३ सेकंद येतात.

प्रयोगापूर्वी प्रत्येकाने ‘माझी पट्टी किती सेंटिमीटरवर थांबेल’ असा अंदाज लिहून ठेवावा. मग दहा वेळा प्रयोग करून सरासरी काढावी आणि अंदाज व प्रत्यक्ष यांचा तक्ता फळ्यावर मांडावा. अंदाज कोणाचे जास्त आले, कोणाचे कमी, यावर चर्चा घ्यावी. हाच प्रयोग मुलांनी घरी आई, आजी, बाबा यांच्यासोबत करावा.

त्यानंतर हे गणित द्यावे. ताशी ४० किलोमीटर वेगाने स्कूटर सेकंदाला ११.१ मीटर जाते. एखाद्याचा प्रतिसाद ०.०३ सेकंदाने मंद असेल, तर गाडी तेवढ्यात किती पुढे जाईल? उत्तर येते सुमारे ३३ सेंटिमीटर. आणि पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा एक सेकंद अधिक अंतर ठेवले, तर हाती किती जागा येईल? अकरा मीटरहून अधिक. प्रत्यक्ष रस्त्यावर अनपेक्षित अडथळा ओळखून ब्रेक दाबायला एक-दीड सेकंद लागतो, पट्टीचा प्रयोग त्यामानाने फार सोपा आहे. पण तुलनेचा अर्थ बदलत नाही. वयाने जे थोडे जाते, ते समजूतदार चालवण्याने अनेक पटींनी भरून काढता येते.

दहावीच्या वर्गातील मुलामुलींच्या आया बहुधा याच वयाच्या असतात. संप्रेरकांचा पाठ शिकवताना पौगंडावस्थेचा उल्लेख आपण करतो, रजोनिवृत्तीपाशी मात्र बहुधा थांबतो. पाठाला ही आणखी दहा मिनिटे जोडली, तर ‘वय झालं’ म्हणण्याआधी मुले आईला विचारतील, ‘काल रात्री झोप झाली का? डोळे कधी तपासलेस?’ आणि तपासण्या झाल्या की रविवारी सकाळी शहापूरपर्यंत तिच्या मागच्या सीटवर बसायलाही तयार होतील.